कुत्र्याला घेऊन सह्याद्रीत मुक्कामी जायचंय, सामान काय घ्यायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. तुमची ब्राउनी अडीच वर्षांची इंडी, म्हणजे देशी कुत्री, वजन १८ किलो, रोज दोन वेळा तासभर फिरते. डिसेंबरात तुम्हा दोघांना तिला घेऊन रतनगडाच्या बाजूला दोन रात्री तंबूत राहायचंय, बजेट १५ हजार, आणि कार्टमध्ये चार बूट, तिच्या पाठीवरची बॅग, कूलिंग वेस्ट, पफर जॅकेट आणि जीपीएस कॉलर टाकून ठेवलंय. यातलं काय ठेवू, काय काढू?

सध्या पाचही काढा. वस्तू चांगल्या आहेत, पण ही यादी ज्या डोंगराकडे बघून केलीये तो डोंगर वेगळा आहे. अमेरिकेतल्या रॉकीज डोंगरांत फिरणारा माणूस बर्फ, अस्वलं आणि चार-चार दिवस वस्ती न लागणं याचा विचार करून सामान घेतो. आपल्याकडे दोन-तीन तासात कुठली तरी वाडी लागतेच, पण ऊन, पाणी नसलेल्या सोंडा, कुसळं, गोचीड, रानडुकरासाठी लावलेले फासे आणि रात्रीचा बिबट्या ही आपली दुखणी आहेत, त्यामुळे पैसे तिथे घालायचे. मी बरीच वर्षं ग्रुप घेऊन जातोय, त्यात कुत्री असतात, त्यामुळे खाली जे लिहितोय ते वापरून बघितलेलं आहे.

सामानाच्या आधी जागेबद्दल बोलू, कारण जागा बदलली की अर्धी यादी बदलते. रतनगड, हरिश्चंद्रगड, कळसूबाई हा सगळा पट्टा कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे अभयारण्यात शिरायलाच परवानगी लागते आणि कुत्रा बघून वनखात्याची माणसं अडवतात, बरोबरच करतात. आपल्या कुत्र्याला लस दिलेली असली तरी कुत्र्यांकडून डिस्टेंपर, रेबीज असले आजार रानातल्या प्राण्यांपर्यंत जातात. २०१८ साली गीरमध्ये सिंह दगावले तेव्हा त्यांच्यात डिस्टेंपरचाच विषाणू सापडला होता. शिवाय रतनगडाला आणि कळसूबाईला लोखंडी शिड्या आहेत, त्यावर कुत्र्याचा पंजा ठरत नाही आणि मागून चढणाऱ्या लोकांच्या गर्दीत ती मध्येच बिथरली तर तुमचं काही चालत नाही. तेव्हा पहिल्या वेळी अभयारण्य नको, शिड्या नकोत, रॉक पॅच नको. राजमाचीचा विचार करा, लोणावळ्याहून साधारण १५ किलोमीटर चाल आहे पण बरीचशी वाट सपाटच, आणि पायथ्याच्या उधेवाडीत कुणाच्या तरी अंगणात विचारून तंबू लावता येतो. किंवा ओळखीच्या गावात भात कापून झालेलं खाचर बघा, डिसेंबरात ती मोकळी असतात, मालकाला विचारायचं, दोन पैसे द्यायचे, जेवण त्यांच्याकडेच सांगायचं. गडावरच्या वास्तूत किंवा देवळात कुत्रा घेऊन झोपू नका, लोकांना ते आवडत नाही आणि त्यांचं म्हणणं रास्त आहे.

आता रात्रीबद्दल, कारण तंबू कुठला घ्यायचा हे त्यावरूनच ठरतं. ज्या अकोले तालुक्यात तुम्ही जायचं म्हणत होतात तिथेच बिबट्याच्या विष्ठेवरून त्याचा आहार तपासला होता, २०१४ साली तो अभ्यास छापून आला, आणि त्यात खाल्लेल्या वजनाच्या हिशेबाने सगळ्यात मोठा वाटा कुत्र्याचा निघाला, ३९ टक्के. म्हणजे बिबट्यासाठी कुत्रा हे रोजचं खाणं आहे. जुन्नर, आंबेगाव, अकोले, मावळ, मुळशी कुठेही जा, हे गृहीत धरूनच चालायचं. हिमालयातले गद्दी मेंढपाळ कुत्र्याला खिळ्यांचा लोखंडी पट्टा घालतात तो यासाठीच, बिबट्या मान धरतो. पण ती कुत्री वेगळी, त्यांचं काम वेगळं, तुम्ही असला पट्टा ऑनलाइन मागवू नका, १८ किलोच्या इंडीला त्याने काही वाचवता येत नाही. वाचवतं एकच, ती रात्री तुमच्या दोघांच्या मध्ये तंबूत असणं. परदेशी व्हिडिओत दोन झाडांमध्ये दोर बांधून त्याला कुत्रा अडकवून ठेवतात आणि माणसं आत झोपतात, ते आपल्याकडे अजिबात करायचं नाही, बांधलेला कुत्रा पळूही शकत नाही. तंबूच्या कापडाने बिबट्या अडतो असंही नाही, माणसांच्या जवळ असल्यामुळे तो सहसा येत नाही एवढंच. गावातल्या लोकांनी सांगितलं की या आठवड्यात दिसलाय, तर तंबू गुंडाळून सरळ कुणाच्या तरी पडवीत किंवा घरात झोपा. रात्री तिला बाहेर न्यावं लागलं तर दोघांनी जायचं, टॉर्च लावून, पट्ट्याला धरून, तंबूपासून दहा पावलांच्या आत. आणि तिला तंबूत एकटी ठेवून सूर्यास्त बघायला जायचं नाही.

म्हणून तंबू तीन माणसांचा हवा. दोन माणसांच्या तंबूत दोन माणसं आणि सॅकच कशीबशी मावते, त्यात कुत्रा आला की तो कापडाला टेकून झोपतो, पहाटे दव गळून सगळे भिजतात आणि कुणालाच झोप लागत नाही. स्वतः उभा राहणारा डोम घ्या, आत जाळीचा थर आणि वरून वेगळं फ्लाय, म्हणजे पाणी अडवणारं बाहेरचं कापड, असलेला, कारण कड्यावर किंवा कातळावर खुंट्या ठोकता येत नाहीत, दगड लावून तो धरून ठेवावा लागतो. पुढे छोटा ओसरीसारखा भाग असला तर चिखलाचे पाय तिथेच पुसता येतात. नखांनी तळ फाटेल ही भीती सगळ्यांना असते, त्यावर स्वस्त उपाय म्हणजे आतून जुनी चादर किंवा घोंगडी अंथरायची आणि निघायच्या चार दिवस आधी नखं कापून घासून घ्यायची, निघायच्या दिवशी कापू नका, जरा खोल कापलं गेलं तर ती लंगडतच चढेल. जाळीच्या दाराची चेन मात्र बघून घ्या, काही कुत्री नाक घालून ती उघडतात, दोन्ही चेनला छोटा कॅराबिनर, म्हणजे ट्रेकिंगची उघडझाप होणारी कडी, अडकवला की प्रश्न मिटतो. तुमचा तंबू आधीचा असेल आणि तो दोन माणसांचा असेल तर नवा घ्यायच्या आधी तीन माणसांचा भाड्याने घेऊन बघा, पुण्या-मुंबईत ट्रेकिंगचं सामान भाड्याने देणारे बरेच आहेत.

दुसरी मोठी खरेदी हार्नेस, आणि इथे मी कंजुषी करू देणार नाही. इंडीचं अंग म्हणजे खोल छाती आणि बारीक कंबर. बाजारात जे साधे हार्नेस मिळतात त्यात मानेचा एक पट्टा आणि पुढच्या पायांमागे एक पट्टा असतो, ती घाबरून मागे सरकली की दोन सेकंदात त्यातून निसटते, आणि डोंगरात निसटलेला घाबरलेला कुत्रा शोधणं फार अवघड असतं. त्यामुळे तिसरा पट्टा हवा, जो बरगड्या संपतात तिथे कमरेच्या बारीक भागाच्या पुढे बसतो, तो असला की मागे सरकून निघता येत नाही. रफवेअरचं वेब मास्टर या प्रकारचं आहे, टिकतं खूप, पण बाहेरून मागवताना महाग पडतं, त्याच धर्तीचे तीन पट्ट्यांचे हार्नेस ट्रूलव्ह वगैरे कंपन्यांचे इथेही मिळतात आणि कामाला चालतात. पाठीवर धरायला मूठ पाहिजे, शिवून पक्की केलेली, कारण ओढा ओलांडताना, मोठ्या दगडावरून उतरताना तुम्ही तिला त्याच मुठीने सावरणार आहात. पुढचा-मागचा भार सारखा यावा म्हणून पोटाखालचा पट्टा रुंद हवा. घरी घातल्यावर दोन बोटं आत जातील इतकाच सैल ठेवा, मग तिला खाऊ दाखवत मागे मागे बोलवा आणि निघतं का बघा. काखेत घासतं का ते तासाभराच्या चालीनंतर केस बाजूला करून बघायचं, लाल दिसलं तर माप चुकलंय, दुसरं माप घ्या, पॅड लावून भागवू नका.

याच्याच जोडीला एक गोष्ट आहे जी बहुतेक लोक घेतच नाहीत: ती चालू शकली नाही तर तुम्ही तिला खाली कसं आणणार. पंजा फाटला, पाय मुरगळला, ऊन लागलं, की १८ किलोचं अंग हातावर उचलून तुम्ही उतारावर दहा मिनिटं चालू शकाल, मग तुमचाच पाय घसरेल. कुत्र्यांसाठी उचलायच्या स्लिंग बाहेर मिळतात, पाठीवर सॅकसारख्या घालता येतात, पण त्या नसल्या तरी भागतं. तुमच्यापैकी एकाची सॅक ६० लिटरची असेल तर ती रिकामी करून, तळाला घोंगडी घालून, कुत्रीला आत बसवून डोकं आणि पुढचे पाय बाहेर ठेवून छातीचे पट्टे आवळता येतात, सामान दुसऱ्याने दोन फेऱ्यांत आणायचं किंवा गावातून माणूस बोलवायचा. दुसरा मार्ग आपल्या गावांत वर्षानुवर्षं चालत आलाय, आजारी माणसाला झोळीत घालून नेतात तो: जाड सुती चादर किंवा जुनं लुगडं आणि एक मजबूत काठी, दोघांनी खांद्यावर. चादर तुमच्याकडे असणारच आहे, फक्त ती कापडाची बघा, नायलॉनची घसरते. हे घरी करून बघा, खरंच सांगतो, सॅकमध्ये बसायची सवय खाऊ देऊन दोन आठवड्यांत होते आणि सवय नसलेली कुत्री दुखत असताना सॅकमध्ये बसणार नाही, चावेल. म्हणून एक मऊ गॉजची पट्टी तोंडाला बांधायला ठेवा, पण ती धापा टाकत असेल किंवा उलटी होत असेल तर तोंड बांधायचं नाही.

पट्टा म्हणजे लीश दोन मीटरची, साधी, आणि मुक्कामाच्या जागेसाठी पाच मीटरची एक लांब दोरी. गुंडाळून आत जाणारी पेटीवाली लीश डोंगरात आणूच नका, बारीक दोरी पायाला कापते आणि झुडपात अडकते. प्लॅस्टिकचं आवरण असलेला पट्टा मिळतो, बायोथेन म्हणतात, तो पाणी पीत नाही, चिखल पुसला की साफ, मला तो नायलॉनपेक्षा आवडतो. कमरेला बांधायची लीश सपाटीवर छान वाटते पण उतारावर आणि कड्याच्या बाजूच्या आडव्या वाटेवर ती सोडून हातात धरा, तिने वानर बघून झेप घेतली तर दोघंही जाल.

आणि लीश सोडायची नाही. याचं कारण सांगतो कारण "आमची खूप ऐकते" हे प्रत्येकजण म्हणतो आणि बहुतेकांचं खरंही असतं. जंगलाच्या कडेला, शेताच्या बांधावर रानडुकरासाठी गाडीच्या क्लच वायरचे फासे लावलेले असतात, त्यात बिबटेसुद्धा अडकतात. काही ठिकाणी डुकरासाठी खाण्यात गुंडाळलेले गावठी बॉम्ब ठेवतात, कुत्र्याने वास घेऊन चावला की जबडाच जातो. ऐकण्या न ऐकण्याचा इथे संबंधच नाही, ती चार पावलं बाजूला गेली तरी पुरे. त्यामुळे माझ्या यादीत दोन वस्तू अशा आहेत ज्या कुठल्याच परदेशी यादीत मिळणार नाहीत: एक वायर कापणारी छोटी पण चांगली पक्कड, जी सॅकच्या तळाशी न ठेवता वरच्या खिशात ठेवायची, आणि एक तोंडावर घालायचा जाळीचा टोपलीसारखा मझल, ज्यात ती धापा टाकू शकते, पाणी पिऊ शकते, पण जमिनीवरचं काही उचलू शकत नाही. रस्त्यावर सापडेल ते खायची सवय असेल तर तो मझल चालताना घालाच, आधी दहा-बारा दिवस घरी सवय करून. फाशात अडकली तर आधी तिच्या बाजूने वायर सैल करायची, मान असेल तर बोट आत घालून जागा करायची आणि मग कापायची.

पाणी. डिसेंबर असला तरी दुपारी अकरा ते चार उघड्या सोंडेवर ऊन चांगलंच तापतं आणि काळा कातळ हवेपेक्षा कितीतरी जास्त गरम होतो. कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही, तो धापा टाकूनच अंग गार करतो, आणि हवेत दमटपणा असला की तेही नीट होत नाही, म्हणून कोकणात आणि पावसाच्या आगेमागे तीच कुत्री लवकर थकते. ढोबळ हिशेब असा की घरी बसलेल्या कुत्र्याला किलोमागे ५० ते ६० मिली पाणी दिवसाला लागतं, म्हणजे ब्राउनीला साधारण एक लिटर, चालताना दुप्पट धरा. दोन लिटर फक्त तिचं, तुमच्या तीन-तीन लिटरच्या वर, आणि ते तुम्ही उचलायचं. घडी होणारी सिलिकॉनची वाटी घ्या, दर अर्ध्या तासाला थोडं थोडं पाजा, एकदम नाही. गडावरच्या टाक्यात तिला उतरू देऊ नका, तोंड लावू देऊ नका, ते पाणी गावकरी आणि ट्रेकर पितात, वाटीत काढून बाजूला न्यायचं. ओढ्याच्या साचलेल्या डबक्याचंही नको, लेप्टोची, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या आजाराची, भीती असते. कूलिंग वेस्ट मी काढायला सांगितलं ते यासाठी की ते पाणी उडून जाण्यावर चालतं, कोरड्या हवेत उपयोगी, दमट हवेत ते ओलं उबदार जॅकेट होऊन बसतं. त्यापेक्षा पहाटे पाचला निघा, अकराच्या आत सावली गाठा.

ऊन लागल्याची खूण म्हणजे जीभ लांब आणि गडद लाल, लाळ चिकट, चाल डगमगती, हाक मारली तरी बघत नाही. निरोगी कुत्र्याचं तापमान ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सियस असतं, ४१च्या पुढे गेलं की जीवावरचं आहे. तिथेच सावलीत थांबून असेल ते सगळं पाणी अंगावर, पोटावर, मांड्यांत ओता आणि टोपीने, चटईने वारा घाला, मग उचलून खाली. ओला टॉवेल अंगावर गुंडाळून ठेवू नका, आत उष्णता कोंडते. म्हणून एक साधा डिजिटल थर्मामीटर हवा, तो शेपटीखाली लावायचा असतो, घरी एकदा करून बघा.

पाठीवरची बॅग का नको हेही इथेच आलं. तब्येतीत असलेल्या कुत्र्याला वजनाच्या दहा टक्क्यांपर्यंत ओझं सुरुवातीला चालतं, ब्राउनीला १.८ किलो. पण आपल्या उन्हात पाठ आणि बरगड्या झाकल्या की ती तापते, कारवीच्या झाडीत बॅग अडकते, आणि वाचतं काय तर दीड किलो. दोन-तीन मुक्काम झाले, तिचा अंदाज आला, की मग बघा.

बूट. पंजे सरावाने घट्ट होतात, महिनाभर आधीपासून मातीवर, खडीवर, थोड्या कातळावर चालवा, हा खरा बूट. हाताची मागची बाजू खडकावर सात सेकंद ठेवून बघा, तुम्हाला चटका बसला तर तिलाही बसतो, थांबा. बूट घातलेला कुत्रा ओल्या कातळावर जास्त घसरतो कारण नखं रोवता येत नाहीत. पण जखम झाली तर एक बूट लागतोच, म्हणून चारांचा सेट न घेता मागच्या आणि पुढच्या पायाच्या मापाचा एकेक ठेवा, किंवा लहान मुलाचे जाड मोजे आणि स्वतःलाच चिकटणारी बँडेज पट्टी, खाली गावापर्यंत तेवढ्यात येता येतं.

आता कुसळं, याबद्दल मी जरा जास्त बोलतो. पावसाळा संपला की सह्याद्रीचं गवत पिवळं पडतं आणि ऑक्टोबरपासून पुढे त्याची कुसळं सगळीकडे. ती काट्यासारखी सरळ नुसती टोचत नाहीत, त्यांना मागे वळलेले बारीक केस असतात, त्यामुळे एकदा शिरलं की पुढेच सरकतं, बाहेर येत नाही. बोटांच्या मधे, कानात, नाकात, डोळ्याच्या पापणीखाली, काखेत. चार दिवसांनी पंजा सुजतो, पू होतो आणि लोक म्हणतात काहीतरी चावलं. कानात गेलं तर डोकं एका बाजूला धरून सारखी झटकते, तेव्हा कापूस घालून कोरायचं नाही, डॉक्टरकडेच जायचं. यासाठी लागतं काय तर बारीक दातांचा धातूचा कंगवा, चांगला टोकदार चिमटा, आणि हेडटॉर्च, एवढंच. निघायच्या आधी पंजाच्या बोटांमधले केस बारीक कापून घ्या. दर थांब्यावर पंजे, दर संध्याकाळी पूर्ण अंग, कानाच्या मागून सुरू करून शेपटीखालपर्यंत, वीस मिनिटं लागतात, लागू देत. त्याच वेळी गोचीडही सापडते. खाजकुइलीच्या शेंगा हिवाळ्यात वाळलेल्या असतात, तपकिरी लव असलेल्या, वेल दिसला की लांबून जा, अंगाला लागली तर हाताने पुसू नका, चिकटपट्टी लावून उचला आणि मग पाण्याने धुवा, हात मोज्यांत.

गोचिडीसाठी पट्टे, थेंब, गोळ्या सगळं मिळतं. मुक्कामासाठी मला गोळी बरी वाटते, फ्लुरालॅनरवाली साधारण १२ आठवडे चालते, अफॉक्सोलॅनरवाली महिनाभर, पाण्यात भिजली तरी फरक पडत नाही, पण फिट येण्याचा इतिहास असेल तर डॉक्टरला आधी सांगायचं. गोळी दिली तरी अंग तपासायचं सोडायचं नाही, टिक फीवर वाईट आजार आहे, ट्रेकनंतर दोन-तीन आठवड्यांत ती खाणं सोडून मलूल झाली तर रक्त तपासा. आपल्या अंगाला लावायचं डासाचं क्रीम तिला लावू नका, ती चाटणार. जळवांचा त्रास पावसाळ्यातला, डिसेंबरात नाही, तेव्हा जाल तेव्हा बघू.

लसी पूर्ण असल्याच पाहिजेत, रेबीज आणि लेप्टो असलेली वार्षिक. पायथ्याच्या गावातली कुत्री तुमच्या कुत्रीला आपल्या हद्दीत सहजासहजी घेत नाहीत, गावातून जाताना लीश आखूड धरा, एकाने पुढे काठी घेऊन चालावं, काठी मारायला नाही, मधे धरायला.

औषधाच्या डब्यात सलाइनची बाटली, जखम धुवायचं क्लोरहेक्सिडीन, गॉज, चिकट पट्टी, बोथट कात्री, चिमटा, माशी बसू नये म्हणून जखमेवर मारायचा स्प्रे, कारण उघड्या जखमेत दोन दिवसांत अळ्या पडू शकतात. मधमाशी किंवा गांधील चावली तर कुठली अॅलर्जीची गोळी किती द्यायची ते डॉक्टरकडून तिच्या वजनाप्रमाणे लिहून घ्या आणि तो कागद गोळीच्या पाकिटालाच चिकटवा. तुमच्या पाकिटातलं पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन तिला चुकूनही नाही, विष आहे. फुरसं, घोणस, नाग, मण्यार यांपैकी काही चावल्याची शंका आली तर चिरणं, आवळून बांधणं काही नको, तिला चालू देऊ नका, उचला आणि खाली. निघण्याआधी जवळच्या मोठ्या गावात कुठल्या प्राण्यांच्या डॉक्टरकडे सर्पदंशाचं प्रतिविष असतं ते फोन करून विचारून ठेवा, लोणावळा-पुणे बाजूला जात असाल तर तिकडचं, कारण रात्री अकरा वाजता गूगलवर शोधायची ती वेळ नसते.

खाण्याचं सोपं आहे. तिचं रोजचंच खाणं न्या, प्रमाण दीडपट. ड्राय फूडवर असेल तर दिवसाला साधारण ४०० ग्रॅम, तीन-चार भागांत, आणि चढायच्या आधी-नंतर तासभर पोटभर काही नाही. गावात भाकरी, उकडलेलं अंडं मिळालं तर उत्तम. पण पिठलं, पोहे, खिचडी ज्यात कांदा आहे ते नको, आणि तुमच्या खिशातला सुका मेवा जपा, मनुके-बेदाणे कुत्र्याची किडनी खराब करू शकतात, चॉकलेट आणि शुगरफ्री च्युइंगम तर नाहीच. सॅक उघडी टाकून पाणी भरायला जाऊ नका.

थंडीबद्दल तुम्ही काळजी करताय ती बरोबर आहे, इंडीचे केस आखूड आणि एकेरी असतात, डिसेंबरात पहाटे तापमान दहाच्या खाली उतरू शकतं, ती कुडकुडेल. पण थंडी खालून येते. फोमची मॅट, चांगली जाड, तुमच्या मॅटमधूनच तिच्या मापाचा तुकडा कापलात तरी चालेल, त्यावर गोधडी, अंगात तुमचा जुना स्वेटशर्ट बाह्या कापून, पोटाखाली गाठ मारून. पफर जॅकेटच्या पैशात मॅट येते आणि जॅकेट चालताना कारवीत फाटतं.

जीपीएस कॉलरबद्दल. सिमकार्डवर चालणारं ट्रॅकर जिथे रेंज नाही तिथे लोकेशन पाठवू शकत नाही, आणि एअरटॅगसारख्या वस्तू आसपास दुसऱ्यांचे फोन असले तरच दिसतात. घाटातल्या दरीत दोन्ही मुकी. सॅटेलाइटवर मेसेज पाठवणारी उपकरणं भारतात परवानगीशिवाय बाळगता येत नाहीत, परदेशातून कुणी भेट आणली तरी सॅकमध्ये घेऊन फिरू नका, लोक त्यापायी पोलीस स्टेशनात अडकलेत. त्याऐवजी गळ्यात एक मोठ्या आवाजाचं घुंगरू, धुक्यात आणि झाडीत ते फार कामाचं आहे, रात्रीसाठी एलईडीचा पट्टा, अंगावर भडक केशरी रंगाचं कापड. आणि बिल्ल्यावर मराठीत लिहून घ्या: "पाळलेली आहे, फोन करा", खाली दोन नंबर. हरवलेलं कुत्रं आधी गुराख्याला किंवा शेतावरच्या माणसाला सापडतं, त्याला ते पहिल्या नजरेत वाचता आलं पाहिजे. तिचा आजचा फोटोही फोनमध्ये असू द्या, हार्नेस घातलेला.

शीचं. मातीत हातभर लांब नाही पण वीतभर खोल खड्डा, पाण्यापासून चांगलं साठ-सत्तर पावलं लांब, आणि गडावर कातळ असल्याने खणता येत नाही तिथे पिशवीत भरून खाली. खुरपं न्या.

पैशांचं बघायचं तर तंबू भाड्याने, हार्नेस आणि दोन पट्टे नवे, मझल, फोमची मॅट, घुंगरू-बिल्ला-एलईडी, औषधाचा डबा, पक्कड, थर्मामीटर, कंगवा-चिमटा, हे सगळं १५ हजारांत बसून पैसे उरतात. उरलेल्यातून आधी डॉक्टरकडे पूर्ण तपासणी करा, हृदय आणि पुढचे-मागचे सांधे, गोळी आणि लसीचं बघून घ्या.

आणि डिसेंबरच्या आधी एक शनिवार गच्चीवर तंबू लावून तिघं झोपा, सगळं सामान वापरून. चेन उघडते का, रात्री किती वेळा उठते, फोमवर बसते की तुमच्या पांघरुणात घुसते, सॅकमध्ये बसते का, मझल काढायला पंजा मारते का, हे तिथेच कळेल. दुसऱ्या शनिवारी पूर्ण सामान घेऊन जवळच्या टेकडीवर चार-पाच तास, तिचं दोन लिटर पाणी धरून. त्यानंतर जे खुपेल ते लिहा इथे, मापाबद्दल शंका असेल तर तिच्या छातीचा घेर आणि कंबरेच्या बारीक भागाचा घेर सेंटीमीटरमध्ये द्या, हार्नेसचं माप सांगतो.